कॅमेऱ्याचं कपाळ

मला निवडता येत न्हाई. हे मी आज अठ्ठावन्नाव्या वर्षी स्वतःच्या तोंडानं कबूल करतोय. उमापूर गावानं ते तीस वर्षांमागंच कबूल केलंय. मी बाजारातून पारखून आणलेला पहिला बैल उतारावर झकास चालायचा आणि चढ आला की खाली बसायचा. विहिरीवर मी हौसेनं बसवलेली मोटर आवाज लई भारी करायची, पाणी मात्र शेजारच्या वावरातली साधी मोटर काढायची. आयुष्यात एकच निवड बरी निघाली, ती म्हणजे माझी बायको शिवकन्या, आणि ती माझ्या चुलत्यानं केलती. मी त्या दिवशी लाजून पोह्याच्या बशीकडंच बघत बसलो होतो.

नाव मोहनराव. त्यातला ‘राव’ कागदावर हाय, घरात न्हाई. अडीच वर्षं उपसरपंच होतो. तेवढ्यात बोलायची जी सवय लागली ती पद गेलं तरी राहिली. चार माणसं एका जागी दिसली की मला सूचना सुचतात. अंगानं मी मध्यम, आवाजानं मोठा आणि कानांनी त्याहून मोठा. शाळेत मला सुपकान्या म्हणायचे. वावटळ आली की मास्तर म्हणायचे, मोहनला कुणीतरी धरा रे. आमच्या भावकीत असे कान दुसऱ्या कुणाला न्हाईत. चुलते, चुलतभाऊ, माझा पोरगा आदिनाथ, सगळ्यांचे कान बेताचे. देवाकडं शेवटी उरलेला माल त्यानं माझ्या डोक्याला लावून टाकला, असं मी समजून घेतलंय.

असल्या माणसानं घरासाठी शूटिंगचा कॅमेरा निवडायचं मनावर घेतलं. कावून घेतलं ते आधी सांगतो.

आमच्या समोरच्या खोलीत माझ्या बापाचा मोठा फोटो हाय, हार घातलेला. तो माझ्या बापाचा न्हाई. मी अडीच वर्षांचा असताना विहिरीचं काम चालू होतं, दरड कोसळली आणि बाप त्यात गेला. त्यानं जन्मात कधी फोटो काढला नव्हता. पुढं मी शिकलो, कमावता झालो, सिमेंटचं घर बांधलं, तवा वाटलं की वास्तुशांतीला भिंतीवर बाप पाहिजे. गेवराईला एक स्टुडिओवाला होता, तो म्हणला, भावाचा फोटो आणा, त्यावरून वडील करून देतो. बापाचा धाकटा भाऊ म्हणजे आमचे राधाकिशन नाना. त्यांचा फोटो घेऊन मी आणि चार पाहुणे स्टुडिओत जाऊन बसलो. मिशी जरा दाट करा, गाल जरा आत घ्या, फेटा जरा वर. बाप मी बघितलेला नव्हता, पण सगळ्यात जास्त सूचना माझ्याच होत्या. माय तवा घरीच होती. तिला इचारावं, हे आमच्यापैकी एकाच्याबी डोक्यात आलं न्हाई.

तवापासून आमी सगळे त्या फोटोला हार घालतो, उदबत्ती लावतो. राधाकिशन नाना जित्ते हायत, चौऱ्याऐंशी वर्षांचे. रोज सकाळी चहाला येतात आणि बरोबर त्या फोटोखालच्या खुर्चीत बसतात. एकदा जनगणनेला आलेल्या मास्तरनं वर बघितलं, खाली बघितलं, आणि चहा तसाच ठेवून उठला. नानांना त्याचं काही न्हाई. ते म्हणतात, माझ्या माघारी नवीन फोटो करायचा तुमचा ताप वाचला, हार तेवढा बदला.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण औंदा पावसाळ्यात माय आजारी पडली. माय म्हणजे मंजुळाबाई, वय अठ्ठ्याहत्तरच्या आसपास. नक्की आकडा तिलाबी ठाऊक न्हाई. छातीत कफ भरला, बीडला आठ दिवस दवाखान्यात ठेवली. पाचव्या दिवशी तिला तपासणीसाठी आत नेलं आणि मी बाहेर बाकड्यावर बसलो. बसल्या बसल्या डोळे मिटून मायचं तोंड आठवायला गेलो. तर जे आलं ते आधार कार्डावरचं तोंड. त्यात ती अशी दिसती की बघणाऱ्याला वाटावं, ह्या बाईला पोलीस हुडकायलेत. रोज जिच्या हातचं खाल्लं तिचं तोंड मला धड आठवंना. मला धडकीच भरली. बाप तर बिनफोटोचा गेला. मायचंबी तेच झालं तर गेवराईचा तो गडी मावशीवरून माय करून देईल, आणि मी तिथं बसून पुन्हा सूचना देईन.

आता म्हणाल, मोबाईल काय मेले होते का? मेलाच होता. मागच्या दिवाळीत आदिनाथ पुण्याहून आला, चार दिवस घरातलं सगळं मोबाईलवर घेतलं, आणि जायच्या दिवशी म्हशींच्या हौदात वाकून हात धुताना खिशातला मोबाईल आत. मी म्हणलं, गेलं का सगळं? तर म्हणला, न्हाई बप्पा, ते वर ढगात जपलेलं असतंय, फक्त पासवर्ड इसरलोय. बीडच्या ढगांचं मला काय सांगतोस, म्हणलं. आणि तसंही त्या मोबाईलमधी मायची पाठच होती. कुणी मोबाईल वर केला की ती स्वयंपाकघरात जायची.

दवाखान्यातून घरी आल्यावर मी तिला सरळ सांगितलं, “माय, मी शूटिंगचा कॅमेरा आणायलोय. तुझं शूटिंग घ्यायचंय.”

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणली, “माझं काय घेतूस? हळदीत मागं, लग्नात मागं, अन् तुझ्या शिनेमात पुढं? हे मोकळं कपाळ घेऊन भिंतीवर बसायची हौस न्हाई मला.”

मायच्या कपाळावर गोंदणाचा हिरवा ठिपका तेवढा हाय. बाविसाव्या वर्षी कुंकू पुसलं ते पुसलं. घरात करंडा शिवकन्याचा. माय त्याला हात लावत न्हाई. देवपूजेत कुंकू लागलं तर सुनेला हाक मारती. हे असंच असतं म्हणून मी लहानपणापासून बघत आलोय, आणि बघत आलोय म्हणूनच कधी बघितलं न्हाई.

मी मनात म्हणलं, आधी कॅमेरा तर येऊ दे. मायला मग बघू.

गेवराईच्या दुकानात गेलतो. शूटिंगचा कॅमेरा म्हणलं तर दुकानदारानं मोबाईल पुढं ठेवला. मी म्हणलं, मोबाईल नको, असला पाहिजे की ज्याच्यावर फोन येत न्हाई, ज्याला पासवर्ड न्हाई, आणि जो घरातून बाहेर जात न्हाई. तो म्हणला, काका, तुमाला टीव्ही पाहिजे. मी तिथून उठलो. बीडला मोठ्या दुकानात गेलो, तिथल्यानं सांगितलं की ते कॅमकॉर्डर लोकांनी घ्यायचे सोडून दहा-बारा वर्षं झाली. आदिनाथला फोन लावला, तर तो म्हणला ऑनलाईन बघून सांगतो, आणि त्यानं मला यादी वाचून दाखवली. मेगापिक्सेल, ऑप्टिकल झूम, डिजिटल झूम, हात थरथरला तरी चित्र हलू न देणारं काहीतरी. मी मधी मधी ‘बरं बरं’ म्हणत राहिलो. बैल घेताना दात बघता येतात. ह्याचं काय बघायचं तेच मला कळंना.

शेवटी धर्मराज आठवला. लग्नाचं, बारशाचं, पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं शूटिंग घेणारा हा पंचक्रोशीतला जुना माणूस. गणपतीच्या दिवसांत तो मांजरसुंब्याला एका ढाब्याच्या उद्घाटनाचं शूटिंग घ्यायला गेलता, तर मी तिथं जाऊन त्याला गाठला. रिबीन कापून झाली, नारळ फुटला, आणि आमी दोघं शेवभाजी घेऊन बसलो.

मी म्हणलं, “धर्मराज, मोठ्यातला मोठा कॅमेरा सांग. खांद्यावर ठेवायचा.”

“खांद्यावर ठेवून काय करतूस बे? घरच्यांचं घ्यायचंय का मोर्चाचं?” तो म्हणला. “हे बघ मोहनराव, मोठा कॅमेरा दिसला की आपलं माणूस ताठ होतंय. टोपी नीट करतंय, हात मांडीला चिकटवतंय आणि श्वास रोखून उभं राहतंय. पंचवीस वर्षं मी लग्नात ओरडून सांगायलोय, हे शूटिंग हाय, हला. कुणी हलत न्हाई. तू लहान घे. मुठीत मावणारा. आणि तो आकड्याचा झूम बघू नकोस, ज्याची काच चांगली तो घे. आवाज चांगला घेणारा घे. घरच्या शूटिंगमधी पुढं तोंडापेक्षा आवाजच जास्त लागतो, हे माझ्याकडून लिहून घे.”

“अजून काय?”

“काचेला बोट लावायचं न्हाई. आणि घेताना तू बोलायचं न्हाई.”

पहिली गोष्ट मी पक्की ध्यानात ठेवली. दुसरी मी थट्टा समजून सोडून दिली.

धर्मराजनं त्याच्या ओळखीनं संभाजीनगरहून एक मागवला. काळा, तांब्याएवढा, बाजूला उघडणारी एक छोटी पाटी, त्या पाटीवर समोरचं दिसतं. हातात घेतल्यावर मला कळलं की ही माझी पहिली शहाणी निवड, आणि तीबी धर्मराजनं केलीय. तरी गावात सांगताना मी ‘लई पारखून घेतला’ असंच सांगितलं.

कॅमेरा आला खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. आदिनाथ सुनेला आणि माझ्या सात वर्षांच्या नातीला, संस्कृतीला, घेऊन आलता. दसरा झाला की आमच्याकडचं निम्मं गाव कोयते बांधून ऊसतोडीला निघून जातं, म्हणून ह्या दोन दिवसांत आख्खं गाव जागेवर असतं, एकमेकाला भेटून घेतं. शूटिंगला ह्याहून चांगला मुहूर्त कुठला?

खंडेनवमीला आमी सगळी हत्यारं, अवजारं धुऊन मांडतो. विळे, कुऱ्हाड, कुळवाची पास, मोटरचा स्टार्टर, आणि दारात ट्रॅक्टर. त्यात मधी मी कॅमेरा ठेवला. यंत्र झोपेत असताना त्याची पूजा कशी करायची, म्हणून त्याची पाटी उघडली. पाटी उघडली की काचेपुढचा पडदा सरकतो. शिवकन्या करंडा घेऊन आली. विळ्याला कुंकू, कुऱ्हाडीला कुंकू, स्टार्टरला कुंकू. कॅमेऱ्याजवळ आली आणि त्याच्या बाजूला, काळ्या अंगावर बोट टेकवायला लागली.

मी ओरडलो, “तिथं कावून? ट्रॅक्टरला काय चाकावर लावतीस का? बॉनेटवर मधोमध लावतीस न्हवं? ह्याचं कपाळ ही काच हाय. मधोमध लाव.”

“आवो, पण ती काच हाय,” शिवकन्या म्हणली.

“आणि बोट लावू नकोस. काचेला बोट लावायचं न्हाई, धर्मराजनं सांगितलंय. झेंडूच्या पाकळीनं लाव.”

तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. छत्तीस वर्षांच्या संसारात तिनं माझ्याकडं असं किती वेळा बघितलं ते तिलाच माहीत. मग झेंडूची पाकळी ओल्या कुंकवात बुडवली आणि काचेच्या बरोबर मधोमध टेकवली. वर चिमूटभर हळद. मी नारळ फोडला आणि टाळ्या वाजवल्या. काच पुसायची असते, हे माझ्या मनातबी आलं न्हाई. देवाचं कुंकू कुणी पुसतं का?

दुसऱ्या दिवशी दसरा. मी सकाळपासून कॅमेरा मुठीत धरून घरभर. चष्मा लावला न्हाई, कारण चष्म्यात मी म्हातारा दिसतो असं माझं मत हाय. बाहेर ऊन, पाटीवर उन्हाची तिरीप. समोरचं माणूस हाय का न्हाई एवढंच मला कळत होतं. संस्कृती एकदा पाटीत डोकावून म्हणली, “आबा, मधी लाल दिसायलंय.” मी म्हणलं, “नवीन यंत्र हाय बाई, तापायलंय.”

धर्मराज बोलला होता तसंच झालं. कॅमेरा बघून घरातलं प्रत्येक माणूस खांब झालं. राधाकिशन नाना तर घरी जाऊन फेटा बांधून आले, हातात काठी उभी धरली आणि मी थांबा म्हणेपर्यंत पापणीसुद्धा न हलवता उभे राहिले. मी थांबा म्हणायचंच इसरलो. सहा मिनिटांनी त्यांनी तोंडाच्या कोपऱ्यातून इचारलं, “निघाला का रे फोटो?” मी सगळ्यांना ओरडून सांगत होतो, हला, बोला, हसा. एवढं नका हसू. सहज वागा. मी ‘सहज वागा’ म्हणलं की माणसं आणखी ताठ व्हायची.

माय मात्र हाताला लागंना. मी स्वयंपाकघरात गेलो की ती मागच्या दारानं अंगणात, मी अंगणात गेलो की ती देवघरात. चार वाजता आपट्याची पानं घेऊन गाव घरोघर निघालं. सोनं द्यायला लोक यायला लागले तशी ती ओट्यावर येऊन बसली. घरातलं मोठं माणूस तीच. सोनं घ्यायला तिला बसावंच लागतं. येणारा पाया पडायचा, तिच्या हातात पान द्यायचा, आणि ती म्हणायची, “सोन्यासारखं ऱ्हा.” मी समोर उभा राहिलो. तिनं एकदा कॅमेऱ्याकडं बघितलं, पदर कपाळावर ओढला, पण उठली न्हाई. पदर घसरला आणि पुढच्या माणसाच्या डोक्यावर हात ठेवायच्या नादात तो तसाच राहिला. मला वाटलं, जिंकलो.

गर्दी ओसरली तशी संस्कृती तिच्या मांडीशी जाऊन बसली. दोघी काहीतरी बोलत होत्या. मी लांब उभा. माझं लक्ष सावलीवर, उजेडावर, मागं कोण येतंय जातंय ह्याच्यावर. सूचना तर तोंडात तयारच असतात.

संध्याकाळी आदिनाथनं वायर जोडून सगळं टीव्हीवर लावलं. घरचे सगळे, नाना, शेजारपाजारचे चार, खोली भरली. मी मधी खुर्ची टाकून बसलो, चष्मा लावून.

पहिलं चित्र आलं. ट्रॅक्टर. ट्रॅक्टरच्या मधोमध तांबडा, पुसट कडांचा डाग. मी म्हणलं, ट्रॅक्टरला कुंकू लावलंय ते दिसायलंय. दुसरं चित्र आदिनाथचं, त्याच्या पोटावर तांबडा डाग. मग सुनेच्या खांद्यावर. मग म्हशीच्या पाठीवर. मग नाना, फेट्यात, काठी धरून सहा मिनिटं, आणि आख्ख्या सहा मिनिटांत नाकावर तांबडं. खोली हसून हसून लोळायला लागली. नाना म्हणले, “माझं नाक कुणी फोडलं रे?” शिवकन्यानं देव्हाऱ्यातल्या करंड्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. आणि ह्या सगळ्यावर, पहिल्यापासून शेवटपर्यंत, माझा आवाज. इकडं बघ. तिकडं सर. हसा. एवढं नको. मला पहिल्यांदा कळलं की मी दिवसभर असा असतो. लोक मला कसं सहन करतात, देव जाणे.

मग ओटा आला.

माय बसलेली. ती बसून, मी उभा, त्यामुळं तो डाग आला तो बरोबर तिच्या कपाळावर. गोंदणाच्या हिरव्या ठिपक्याच्या वर तांबडं, वाटोळं, जरा पसरलेलं. हसणं हळूहळू थांबलं. मी साठीला आलोय, पण कुंकू लावलेली माझी माय मी पहिल्यांदा बघत होतो.

टीव्हीत संस्कृती तिला इचारत होती, “मोठे माय, फोटोतले पणजोबा खरे न्हाईत ना?”

“न्हाई बाई. ते तर नाना हायत,” टीव्हीतली माय म्हणली. “मी पाया पडताना डोळे मिटून घेते. दिराच्या तोंडाकडं बघत नवऱ्याच्या पाया कसं पडायचं?”

खोलीत नानांनी मान खाली घातली.

“मग खरे कसे होते?”

माय थांबली. लांब कुठंतरी बघितलं. ओठ हलले. “त्यांचे…”

आणि तिथं माझा आवाज, अडीच वर्षं उपसरपंच असलेला, खणखणीत: “ए आदिनाथ, सावली पडायली बे, बाजूला सर. अजून. अजून सर. नाना, तुमी मधी येऊ नका. हां, तिथंच थांबा.” पुढं माझं हेच चालू होतं. माय बोलत होती, तिचे हात हवेत काहीतरी दाखवत होते, संस्कृती हसत होती. आणि ऐकू येत होतो तो मी एकटा. माझा आवाज थांबला तवा माय म्हणत होती, “…असे होते बघ.” आणि पुढचा माणूस सोनं घेऊन आला.

आदिनाथनं मागं नेऊन तीनदा लावलं. तिन्ही वेळा मीच.

जीभ हासडून टाकावी असं वाटलं मला. छप्पन्न वर्षांत मी तिला एकदाबी इचारलं न्हाई की बाप कसा होता. सात वर्षांच्या पोरीनं इचारलं, तिनं सांगितलंबी, आणि मी ते सावलीपायी बुडवलं.

माय दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. कधी येऊन उभी राहिली ते कळलं न्हाई. ती टीव्हीतल्या तिच्या तोंडाकडं बघत होती. मी म्हणलं, “माय, चुकलं माझं. आदिनाथ ते लाल काढून टाकील. काच पुसतो.”

“त्यांनी बघितलेली मी अशीच,” ती म्हणली. कुणाला म्हणली ते मला सांगता येणार न्हाई.

मी इचारलं, “माय, पुढं काय म्हणलीस? त्यांचे काय?”

“आता काय. तू बोललास न्हवं,” असं म्हणून ती आत गेली. रागानं बोलली नव्हती ती, म्हणूनच मला ते जास्त लागलं.

सकाळी आदिनाथनं चष्म्याच्या फडक्यानं काच लख्ख पुसली. नाना चहाला आले, पण फोटोखालच्या खुर्चीत बसले न्हाईत. ओट्यावर बसून चहा घेतला. मी कॅमेरा घेऊन मायसमोर जाऊन उभा राहिलो. भाषण तयार केलं होतं, ते गिळलं. एवढंच म्हणलं, “माय, एकदा बस. मी बोलणार न्हाई.”

“तू अन् बोलणार न्हाईस,” ती म्हणली. मग कॅमेऱ्याकडं बघत म्हणली, “पुसलं का त्याचं?”

“पुसलं.”

ती गुडघ्यावर हात ठेवून उठली आणि देव्हाऱ्याजवळ गेली. मला वाटलं, नमस्कार करून मागच्या दारानं निघून जाईल. तिनं करंडा उचलला. शिवकन्या पोळ्या लाटत होती, तिचा हात थांबला. माय करंडा घेऊन माझ्याजवळ आली, उजव्या हाताचं बोट कुंकवात बुडवलं, आणि माझ्या हातातल्या कॅमेऱ्यापुढं धरलं.

“मधोमध ना?” तिनं इचारलं.

काचेला बोट लावायचं नसतं. मी मान हलवली.

तिनं कुंकू टेकवलं, बोट पदराला न पुसता तसंच ठेवलं, आणि ओट्यावर जाऊन बसली. संस्कृती तिच्या मांडीशी. मी बटण दाबलं आणि दातावर दात धरले.

ती बोलली. रंग सावळा होता. हसताना डावा डोळा बारीक व्हायचा. भाकरी मोडायच्या आधी वास घ्यायचे. लग्नात तिच्याकडं बघायचं धाडस न्हाई म्हणून सारखे अक्षताच निवडत बसले होते. मी कॅमेऱ्यामागं उभा, आणि मला ती पोह्याची बशी आठवली. हसू आलं आणि डोळ्यात पाणीबी आलं. दोन्ही मी आवाज न करता केलं.

“अन् कान,” माय म्हणली. “गेवराईहून तो फोटो आला तवा मी पहिले कान बघितले, अन् आत निघून गेले. त्यांचे कान असे नव्हतेच.”

“मग कसे होते?” संस्कृतीनं इचारलं.

तीन मिनिटं अकरा सेकंदांचं रेकॉर्डिंग हाय ते. घरातलं एवढं एकच शूटिंग, ज्याच्यात माझा आवाज कुठंच न्हाई. मीबी न्हाई. कपाळावर तांबडं घेऊन माझी माय तेवढी बसलेली हाय. ती कुंकवानं लाल झालेलं बोट सरळ कॅमेऱ्याकडं करती आणि म्हणती, “हे काय, तुझा आबा घेऊन उभाय की. तेच कान हायत ते. लहानपणापासून पोरं हसायची ह्याला, अन् मी गपचूप बघत बसायची.”